विसाव्याच्या अलीकडे

प्रिय अण्णा,

साष्टांग नमस्कार! शाळेत असताना पत्राच्या सुरुवातीला हे सवयीनं लिहायचे. मोठेपणी खरोखर साष्टांग घातला असता, तर मला उठवायला माणूस बोलवावं लागलं असतं. तुम्ही हसला असतात. "पडून राहा तशीच, पुण्य जास्त मिळंल," म्हणाला असतात. म्हणा. आज काहीही म्हणा, मी ऐकून घेणार आहे.

तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं. एवढ्या दिवसांत मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा बोलले नाही. फोटोला हार घालायची, पण तुमच्या डोळ्यांकडे बघायची नाही. खाली चौकटीकडे बघत हार सरळ करत बसायची. तोंडच नव्हतं मला. आज लिहायला बसले, कारण परवा कमलआत्या गेली. तुमची धाकटी बहीण, गावातल्या गावात दिलेली, तुमच्याशी रोज भांडणारी आणि भांडल्याशिवाय चहा न घेणारी. काल दुपारी तिला पोचवलं, आणि काल संध्याकाळी आपल्या घरात असं काही झालं की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. आई जेवून आत पडलीय. मी ओट्यावर बसलेय. समोर तुमची शेवंती आहे. बाळूनं नीट ठेवलीय, पुतण्या नाव राखून आहे तुमचा.

आधी तुमच्यावरचा राग काढते, म्हणजे मग माझी लाज सांगता येईल.

अण्णा, तुम्ही ते गावभर बोलून का ठेवलंत हो? मखमलाबादच्या पारावर बोललात, फूलबाजारात बोललात, लोकांच्या लग्नात बोललात. "मला पोरगा नाय म्हणून कोणी हळहळू नका. मडकं पुतण्या धरंल, खांदा माझी सुरेखा देईल. बघा कशी हाय! चौघांना भारी हाय!" आणि मग सगळे माझ्याकडे वळून बघायचे. वरपासून खालपर्यंत. मी आपली पदर ओढून घ्यायची. काही जण हसायचे, ते तुम्हाला कधी दिसलंच नाही. तुम्हाला माझं आडवं अंग म्हणजे ताकद वाटायची. कुणी मला जाड म्हटलं की तुम्ही ताडकन म्हणायचात, "जाड नाय, भरीव हाय." किती बरं वाटायचं ते ऐकायला! म्हणून तर मी तुमचा गैरसमज तसाच राहू दिला.

खरं काय होतं सांगू? इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पहिला जिना चढला की मी थांबायची. पर्समधून मोबाइल काढून बघत उभी राहायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटावं, बँकेतल्या मॅडमना काहीतरी महत्त्वाचा मेसेज आलाय! कसला मेसेज? श्वास जागेवर येईपर्यंतचं नाटक होतं ते. आणि इथे आले की तुम्ही म्हणायचात, "चल, मळ्याला एक चक्कर मारू." माझं ठरलेलं, चप्पल चावते. एवढ्या वर्षांत तुम्हाला एकदाही प्रश्न पडला नाही का, की या पोरीच्या सगळ्याच चपला कशा चावतात?

तर तो दिवस.

तुम्ही गेलात तेव्हा भावकीतल्या म्हाताऱ्यांनी आधी कुरकुर केलीच. बाईमाणसानं खांदा? पण बाळू पुढे झाला. "अण्णांनी सांगून ठेवलंय, ताईच देणार." मग कुणी बोललं नाही. मी पदर खोचला. पुढची उजवी बाजू माझ्याकडे. उचलतानाच कळलं मला, अण्णा. गुडघ्यात कळ गेली आणि छातीत धाप लागली ती पहिल्याच पावलाला. तरी चालले. आपल्या फाटकातून बाहेर पडलो, दूध डेअरीपर्यंत गेलो. पुढे चढ सुरू होतो ना, तिथे माझे पाय थरथरायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, बदली देऊ का?" मी नको म्हणाले. तो माझा माज! तेव्हाच हो म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं.

पुढच्याच क्षणी माझा गुडघा वाकला आणि तुम्ही कललात. माझ्याच बाजूला कललात, अण्णा. तुमच्यावरची शेवंती माझ्या डोक्यावर पडली. चार जण धावले, आणि तोल सावरायला तिरडी खाली टेकवावी लागली. डेअरीच्या दारात. विसाव्याच्या कितीतरी अलीकडे.

विसाव्याशिवाय तिरडी कुठे टेकवायची नाही, हे गावात शाळेत जाणाऱ्या पोरांनाही माहीत असतं. वडाखाली विसाव्याची जागा आहे, तिथे घटकाभर ठेवायचं, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या आणि पुढे जायचं. तुमच्या आई-वडिलांना तसंच नेलं, सगळ्या गावाला तसंच नेतात. एकट्या तुम्हाला तेवढं वाटेत ठेवलं. "अरे अरे, आधीच टेकवली!" असं कुणीतरी ओरडलं आणि मी तिथेच मातीत बसून राहिले. मला उठताही येईना. दोन बायकांनी काखेत हात घालून मला डेअरीच्या पायरीवर बसवलं, पाणी पाजलं. तुम्हाला पुढे नेलं ते मी पायरीवर बसून पाहिलं. गेलात तुम्ही आणि मेल्याहून मेल्यासारखं मला झालं!

मला वाटलं, लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. पण दोन-तीन महिन्यांनी आपल्या शेजारचे पोपटमामा गेले. त्यांच्या दोन्ही पोरी म्हणाल्या, आम्ही खांदा देणार. चांगल्या काटक पोरी, रोज क्रेटं उचलणाऱ्या. तर म्हातारे काय म्हणाले माहितीय? "नको बाई. अण्णाच्या सुरेखाचं काय झालं, पाहिलं ना सगळ्यांनी?" पोरी रडत मागे राहिल्या. बाळूनं मला फोनवर सांगितलं आणि मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसले. जाड मी, दम मला नाही, आणि शिक्षा कुणाला? ही लाज मला तुमच्या दिवशीच्या लाजेपेक्षा जास्त लागली, अण्णा. ती माझ्यापुरती तरी होती.

मग मी वजनाच्या मागे लागले. अशी लागले की विचारू नका. काटा आणला. रोज सकाळी चप्पल, बांगड्या, घड्याळ, केसातली क्लिपसुद्धा काढून त्यावर उभी राहायची. तीन आकडी वजन दोन आकडी करायचं, एवढंच डोक्यात. पोळी बंद, भात बंद, रात्रीचं जेवण बंद. कोबी उकडून खाल्ला, दुधीचा रस प्यायले. तुमचे जावई विलास बिचारे माझ्यासमोर आमटी-भात खाताना चोरासारखे खायचे. आणि झालं हो, एक दिवस काटा दोन आकडी झाला! मी बँकेत पेढे वाटले. स्वतः एक खाल्ला नाही. "मॅडम, किती छान दिसताय! काय केलंत?" ज्यानं त्यानं विचारलं. मी हवेत.

त्याच रविवारी इथे आले, झेंडूची तोडणी चालली होती. म्हटलं, बघू तरी आपला पराक्रम. भरलेलं क्रेट उचलायला गेले, कमरेपर्यंत आणलं, आणि डोळ्यांपुढे काळोख. सरीतच बसले. झेंडू सगळा अंगावर. बाळूनं पाणी आणलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, वजन गेलं ते बरं झालं. पण जोर कुठं ठेवून आलीस?" मी त्याच्यावर खेकसले. तो हसला नाही, ते मला जास्त लागलं.

खरंच, जोर कुठे होता? होता तेवढाही मी उपाशी मारला होता.

नंतर आमच्या गल्लीतल्या जिममध्ये गेले. तिथे ऋतुजा म्हणून मुलगी शिकवते, माझ्या मुलीच्या वयाची. तिनं वही-पेन काही काढलं नाही. सरळ विचारलं, "काकू, वजन कमी करून करायचंय काय?" मला आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. किती करायचंय, कधीपर्यंत करायचंय, लग्न आहे का घरात, हेच सगळे विचारतात. मी म्हणाले, "खांदा द्यायचाय." तिला वाटलं खांदा दुखतोय. मग सगळं सांगितलं. डेअरी, चढ, विसावा, पोपटमामांच्या पोरी, सगळं. बोलताना रडले. तिनं पाण्याची बाटली पुढे केली. मग म्हणाली, "मग काकू, काटा माळ्यावर टाका. आणि उद्यापासून नीट जेवायचं. अंडी खाता का?"

काटा माळ्यावर टाकायला जीव होईना माझा. विलासनी टाकला. आणि नवीनच गोष्टी ठरल्या. जमिनीवरून हात न टेकता उठायचं. मोबाइलचं नाटक न करता तिसऱ्या मजल्यावर पोचायचं. दळणाचा डबा गिरणीतून स्वतः आणायचा, वाटेत पारावर न ठेवता. वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन चालायचं, आधी मैदानावर आणि मग चढाला. अण्णा, काय सांगू, पहिल्यांदा हात न टेकता उठले तेव्हा घरात कुणी नव्हतं, तर मी पुन्हा खाली बसले आणि पुन्हा उठले. वजन? नाही माहीत. कपडे सैल होतात तेवढं कळतं, आणि कधी कधी होतही नाहीत.

आणि परवा आत्या गेली.

आत्याची लता म्हणाली, मी खांदा देणार. पुन्हा तेच! म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "लताच्या बरोबरीनं मी आहे." एक जण खाकरले. "सुरेखा, बाई, नको पुन्हा..." मी म्हटलं, "नाना, तुम्ही माझ्या मागेच चला. मला झेपलं नाही तर मी स्वतः सांगेन. या वेळी सांगेन." ते चाललेच माझ्या मागे, हात पुढे करून! त्यांच्या मनात एकच, पडेल ही आता, पडेल. डेअरी आली. चढ आला. माझ्या मांड्या पेटल्या होत्या, पण गुडघा जागेवर होता. वडाखाली पोचलो आणि आत्याला टेकवलं, जिथे टेकवायचं तिथेच. पोपटमामांची थोरली पोरगी बायकांत उभी होती. तिनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

आता खरी लाज ऐका. मी खूश झाले, अण्णा! आत्या समोर आडवी पडलेली आणि मी मनातून अशी खूश, की लता गळ्यात पडून रडायला लागली तेव्हा मला रडू येईना. जिनं मला लहानपणी वेणीफणी केली, तुम्ही रागावलात की जिच्या घरी मी पळून जायची, तिला नेताना सबंध वाटभर मी तिचा विचार एकदाही केला नाही. पाऊल, श्वास, पाऊल, श्वास. मला विसावा गाठायचा होता. आत्या माझ्या खांद्यावर होती एवढंच. कसली मेली मी!

तरी तोऱ्यातच घरी आले. आंघोळ केली, केस पुसत पुसत आईला म्हणाले, "आई, विसाव्यापर्यंत नेलं! बदली नाही घेतली!" आई स्वयंपाकघरात खाली बसून लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ऐकलं. बाळू सांगून गेला. चला, माझी काळजी मिटली म्हणायची."

"काय गं आई, असं काय बोलतेस!"

"मग काय बोलू? चांगलंच हाय की. धर जरा, उठू दे मला."

मी तिच्या काखेत हात घातले. ऋतुजानं शिकवलंय तसे पाय रोवले, पाठ सरळ केली, दम धरला आणि जोर लावला. आणि आई नुसती वर आली, अण्णा. काही लागलंच नाही. मी उगाच एवढी ताकद लावली होती, मीच मागे स्वयंपाकाच्या ओट्यावर आपटले. हातात काही आहे असं वाटलंच नाही मला. पोलक्याच्या आत नुसती हाडं. आपली आई! तुम्ही जिला चिडवायचात की बैलगाडीच्या एका बाजूला तू बस आणि दुसऱ्या बाजूला आम्ही सगळे बसतो, ती आई!

"आई, तू जेवतेस ना गं?"

"जेवते की."

"काय जेवतेस?"

"एकटीला काय लागतंय? सकाळी दोन भाकऱ्या टाकते, त्याच पुरतात. कधी उद्याला बी पुरतात." मग म्हणाली, "बाळूची बायको बोलावती. पण रोज कुठं जायचं लोकाच्या घरी? तुझे अण्णा होते तवर समोरासमोर ताट असायचं. आता समोर भिंत हाय. घास जात नाय, बाई."

"मी येते ना दर रविवारी!"

ती हसली. रागानं नाही, खरंच हसली. "येती की. डबा घेऊन येती. मी मेथी निवडून ठेवते, गरम भाकरी टाकते, अन् तू म्हणती, आई, मला नको, मी माझं आणलंय. अन् तिकडं ओट्यावर जाऊन उकडलेलं खाती. वास बी नको म्हणती. मग मी कोणासाठी जेवू?"

अण्णा, खरं होतं ते. सुरुवातीचे कोबीचे दिवस सोडा, ऋतुजानं नीट जेव म्हटल्यावरही मी डबाच आणत राहिले. आईच्या भाकरीवर तूप असतं म्हणून. आईनं एक वाढली की दोन होतात म्हणून. वर्षभर मी माझा एकेक ग्रॅम मोजत बसले. मग जिने चढले, वाळू उचलली, पीठ उचललं. माझ्या बँकेतल्या सगळ्यांना माझं किती उतरलं ते तोंडपाठ आहे. आणि आईचं उतरत होतं ते माझ्यासमोर उतरत होतं, रविवारच्या रविवार, आणि मी वर तिला एकदा म्हणालेसुद्धा की तू बारीक झालीस, बरं झालं, गुडघ्यांना आराम! देवा रे. हे मी बोलले, अण्णा, याच तोंडानं.

तुमच्या दिवशी मातीत बसले होते तेव्हा वाटलं होतं, यापेक्षा खाली काही नसतं. असतं.

आज सकाळी तिला दवाखान्यात नेऊन आणलं. रक्त तपासायला दिलंय. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही दिसत नाही, खाणं वाढवा, औषध देतो. दुपारी मी पाट मांडले, समोरासमोर. माझा डबा पिशवीतून काढलाच नाही. आईनं मेथी केली, भाकरी थापली, मी तव्यावरून उतरवत गेले. तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि बघत बसली, ही खाते की नाही. मी खाल्ली, तूप लावून. मग ती जेवायला लागली. निम्म्यावर हात थांबला तिचा. मी म्हटलं, "मी अजून अर्धी घेते, तू घेशील का उरलेली?" "घेते," म्हणाली. पुढे आत्याच्या आणि तुमच्या भांडणाच्या गोष्टी निघाल्या, आणि मला एकदम आत्याचं रडू आलं. काल नाही आलं ते. आईही रडली. पण ताट संपवलं तिनं.

तुम्ही विचाराल, मग आता काय ठरवलंस? मी व्यायाम सोडणार नाही. पोपटमामांच्या पोरींनी आणि लतानं मला विचारलंय, आम्हाला पण शिकव म्हणून. तो चढ आता कुणा पोरीला अडवायला नको. पण अण्णा, माझ्या जोराचं काम मला काल कळलं, आणि ते वडाखाली नाही कळलं.

शनिवारी बँक सुटली की मी इथे यायचं, सोमवारी सकाळी जायचं. विलासना सांगितलंय, ते म्हणाले, मीही येतो, भाकरी मलाही पाहिजे. मधल्या वारी बाळूच्या घरून कुणीतरी ताट घेऊन आईपुढे बसायचं. ते मी आजच त्याच्याशी बोलून पक्कं केलंय. डबा आणायचा नाही. आईसमोर जे असेल ते, मोजून खाल्लं तरी तिच्या समोर बसून. आणि एक वचन तुम्हाला देते, हे एवढं पाळीन. पुढच्या वर्षी तुमच्या श्राद्धाला आईनं खाली बसून लसूण सोलला आणि "धर जरा" म्हणाली, तर तिला उठवताना मला दम लागला पाहिजे.

तुमची,
सुरेखा